आडवा आधार

वजनमापे खात्याचे निरीक्षक किती उंचीवरून पडले, याविषयी पुढे बाजारात बरीच मतमतांतरे झाली. कुणी जिना म्हणे, कुणी माळा म्हणे. एका भाजीवालीने तर त्यांना थेट गच्चीवरून पाडले. वस्तुस्थिती अशी की ती उंची जेमतेम एक वीत होती. भंगारवाल्याच्या वखारीत जमिनीलगत बसवलेला एक मोठा वजनकाटा होता. मुदत उलटूनही त्याची फेरतपासणी करून घेतली नव्हती, म्हणून निरीक्षकांनी तो बंद केला. तारेत शिशाचे सील ओवले, दाबले, आणि ते सुबक बसले आहे की नाही हे जरा दुरून पाहावे म्हणून एक पाऊल मागे घेतले. काटा तिथे संपत होता.

स्वतःच्या कामाकडे कौतुकाने पाहण्यासाठी मागे सरकू नये, हा धडा चित्रकारांना फार लवकर मिळतो. सरकारी नोकरांवर तशी वेळ सहसा येत नाही.

भंगारवाला तोंडाचा फटकळ असला, तरी मनाचा वाईट नव्हता. त्याने निरीक्षकांना उचलून हातगाडीवर ठेवले. गाडीवर आधीपासूनच एक बिनदाराचा फ्रीज होता.

"साहेब, फ्रीजला टेकून बसा. वाटेतच उतरवायचाय. तुम्हाला की त्याला आधी, ते रस्ता बघून ठरवू."

रस्त्याने आधी फ्रीज ठरवला. अशा रीतीने, ज्या बाजारपेठेत त्यांची सावली दिसताच पारड्यांखालून हात निघत, त्याच बाजारपेठेतून निरीक्षक भंगाराबरोबर, पाय पुढे करून, सर्वांना दर्शन देत गेले.

घोटा दोन ठिकाणी मोडला होता. प्लास्टर वाळल्यावर हॉस्पिटलमध्ये त्यांना खुर्चीच्या काट्यावर बसवून वजन केले गेले: प्लास्टरसह ऐंशी किलो चारशे. निरीक्षकांनी काट्याचे सील पाहिले, मुदत अजून संपली नसल्याची खात्री केली, आणि मगच तो आकडा मान्य केला.

"दीड महिना पाय टेकायचा नाही," हाडांचे डॉक्टर म्हणाले. "आणि वजन वाढू देऊ नका. बसून बसून माणसं फुगतात आणि प्लास्टर निघालं की सगळा भार याच घोट्यावर येतो."

"वजनाचं माझ्यावर सोडा," निरीक्षक म्हणाले.

हे ते इतक्या शांतपणे म्हणाले, याला एक इतिहास होता. आणि तो इतिहास दुसऱ्या दिवशी सकाळी, हातात फळांची करंडी घेऊन, घरी हजर झाला. बायकोचे थोरले भाऊ. आदल्या वर्षी त्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती, आणि अंथरुणावरून उठेपर्यंत त्यांनी स्वतःच्या देहात नऊ किलोंची भर घातली होती. त्या वेळी निरीक्षक त्यांना भेटायला गेले होते. उशाशी बसून त्यांनी मेहुण्यांना धीर देण्याऐवजी एक व्याख्यान दिले होते. त्यातले एक वाक्य मेहुण्यांच्या मनात तेव्हापासून रुतून बसले होते, आणि गुडघ्यात बसवलेल्या स्क्रूपेक्षा ते अधिक दुखत होते.

"काय म्हणाला होतात, भाऊजी?" मेहुणे खुर्चीत ऐसपैस बसत म्हणाले. "वजन ही भावना नाही, दादा..."

"...बेरीज-वजाबाकी आहे," निरीक्षकांनी वाक्य पुरे केले. "आजही तेच म्हणतो. जेवढं खर्च होतं तेवढंच आत टाकायचं. सोपं आहे."

"मग ठरलं. प्लास्टर काढायच्या आदल्या दिवशी वजन करायचं. एका किलोच्या आत राहिलात तर मी तुम्हाला गुरू मानीन. गेलात वर, तर चारचौघांत म्हणायचं, 'मी चुकलो.'"

स्वयंपाकघरात भांडे पडल्याचा आवाज झाला. 'मी चुकलो' हे दोन शब्द निरीक्षकांनी आजवर कधी उच्चारले नव्हते. लग्नानंतर एकदा त्यांनी बायकोला चुकीच्या गाडीत बसवून चुकीच्या गावी नेले होते, तेव्हाही 'गाडी चुकली' एवढेच ते म्हणाले होते. माणूस चुकत नाही, उपकरण चुकते. आणि उपकरण चुकले तर त्याला सील ठोकता येते, यावर त्यांची नोकरी आणि संसार दोन्ही उभे होते.

"मान्य," निरीक्षक म्हणाले.

योजना निर्दोष होती. बसून राहणाऱ्या माणसाला किती लागते याचा त्यांनी हिशेब केला, जेवण निम्म्यावर आणले, तेलाची बाटली स्वयंपाकघरातून कपाटात हलवली. योजनेत एकच बारीकशी त्रुटी होती, आणि ती अशी की ती फक्त जेवणाला लागू होती. भेटायला येणारा माणूस जे आणतो ते जेवण नसते. तो शिष्टाचार असतो. त्यातला एक तुकडा समोरच्याच्या देखत तोंडात टाकावा लागतो, कारण तो न टाकणे हा उद्धटपणा. आणि दुसरा तो गेल्यावर, कारण उरलेला टाकून देणे हा अन्नाचा अपमान. निरीक्षक दोन्ही बाबतीत सभ्य गृहस्थ होते. शिष्टाचाराला उष्मांक नसतात, असे त्यांनी कधी मोठ्याने म्हटले नाही. पण त्यांनी ते मोजलेही नाहीत.

आणि भेटायला येणाऱ्यांना खंड नव्हता. बाजारपेठेतल्या ज्या ज्या दुकानदाराचा काटा त्यांनी आजवर पकडला होता, तो तो आला. बेकरीवाला केक घेऊन आला, आणि त्याच्या चेहऱ्यावर इतके मनापासूनचे समाधान होते की निरीक्षकांना केक नाकारणे कोतेपणाचे वाटले. सुकामेव्याचा व्यापारी बदामांची पिशवी ठेवून म्हणाला, "अर्धा किलो आहे, साहेब. मोजून बघा." निरीक्षकांनी खरोखरच मोजून पाहिली. पाचशे वीस ग्रॅम भरली. एवढ्या वर्षांत त्या दुकानातून जास्तीचा माल बाहेर पडल्याची ही पहिलीच नोंद असावी, आणि तो निरीक्षकांच्या पोटात गेला.

तळमजल्यावर एक निवृत्त परिचारिका राहत. सगळी इमारत त्यांना सिस्टर म्हणे. आयुष्यभर त्यांनी रुग्णांना डॉक्टरांनी सांगितले तेवढेच दिले होते, आणि आता त्याची भरपाई त्या शेजाऱ्यांवर करत होत्या.

"हाड जुळायला ताकद लागते," त्या मोठा डबा उघडत म्हणाल्या. "हे सूप आहे. सूप म्हणजे पाणीच."

"त्यावर तरंगतंय ते काय?"

"लोणी. पण वितळलेलं."

वरच्या मजल्यावर पैलवान राहत होता. तो कुस्ती खेळत नसे. एका व्यायामशाळेत लोकांना घाम काढून देत असे. त्याचे निदान नेमके उलटे होते. "काका, खाल्लेलं बसत नाही, बसलेलं बसतं," तो म्हणाला. या वाक्याचा अर्थ निरीक्षकांना लागला नाही, परंतु त्यात व्यायाम अभिप्रेत होता, आणि व्यायाम वजाबाकीच्या बाजूला असल्यामुळे त्यांनी त्याला संमती दिली.

पैलवानाने पाण्याने भरलेल्या दोन बाटल्या त्यांच्या हातात दिल्या. खुर्चीत बसायचे आणि बाटल्या छातीपासून जोरात पुढे ढकलायच्या. खुर्ची चाकांची होती, कार्यालयातून आणलेली. प्रत्येक क्रियेला तेवढीच विरुद्ध प्रतिक्रिया असते हे निरीक्षकांनी महाविद्यालयात प्रथम श्रेणीत सिद्ध केले होते, परंतु त्या वेळी ते स्वतः प्रतिक्रियेवर बसलेले नव्हते. बाटल्या पुढे गेल्या, खुर्ची मागे गेली. "वा काका, जोर आहे!" पैलवान ओरडला. त्या उत्तेजनाने निरीक्षकांनी आणखी जोर लावला. खुर्ची दिवाणखान्यातून मार्गिकेत, मार्गिकेतून उघड्या दारातून बाहेर, आणि समोरच्या घराच्या चपलांच्या रॅकवर जाऊन थांबली. रॅक कोसळला. निरीक्षक बारा-पंधरा जोड्यांच्या मधोमध, प्लास्टरचा पाय समोर ताठ धरून आणि दोन्ही बाटल्या तशाच पुढे रोखून बसले होते.

"पडला नाहीत ना?" बायको धावत आली.

"पडलो नाही," ते म्हणाले. "सरकलो."

त्यानंतर चाकांची खुर्ची आणि पैलवान या दोहोंना घरात बंदी झाली. व्यायाम संपला, पण व्यायामानंतर लागणारी भूक, सवय म्हणून, राहिली.

आता मुख्य प्रश्न मोजमापाचा. घरात एक वजनकाटा होता, छोटा, चौकोनी, तबकडीचा, ज्यावर जेमतेम दोन पावले मावत. निरीक्षकांनी तो प्रमाणित वजनांनी स्वतः तपासला होता आणि त्याच्या अचूकतेबद्दल त्यांना पितृवत अभिमान होता. पण त्यावर एका पायाने उभे राहणे म्हणजे सर्कस. कुबड्या घ्याव्यात तर त्या जमिनीवर टेकतात आणि वजनाचा हिस्सा खाऊन टाकतात. भिंतीला धरावे तर भिंत खाते. पहिल्या रविवारी त्यांनी बरेच चिंतन करून बायकोला बोलावले.

"तू मागे उभी राहा. उजव्या काखेपाशी हात ठेव. पण लक्षात ठेव, आधार आडवा हवा. बाजूने. मी डावीकडे झुकलो तर उजवीकडे ओढायचं, उजवीकडे झुकलो तर डावीकडे ढकलायचं. वर उचलायचं नाही. आडव्या बलाने आकड्यात फरक पडत नाही, उभ्याने पडतो."

"आडवा. समजलं," बायको म्हणाली.

तबकडी एक्क्याऐंशी किलो सहाशेवर थांबली.

निरीक्षक उतरले. दुपारी ते जेवले नाहीत. ही वजाबाकी, असे म्हणाले. संध्याकाळी चहा नको म्हणाले. मेहुण्यांचा फोन आला तेव्हा त्यांनी झोपल्याचे सांगायला लावले, आणि फोन ठेवेपर्यंत डोळे मिटून पडून राहिले, म्हणजे ते खोटे ठरू नये. त्यांचा चेहरा असा झाला होता, की दुकानात रंगेहाथ पकडलेल्या माणसाचाही तसा होत नाही. कारण त्या माणसाला निदान आपण काय केले ते ठाऊक असते.

बायको दाराशी उभी राहून त्यांच्याकडे बघत राहिली.

दुसऱ्या रविवारी तबकडीने ऐंशी किलो चारशे दाखवले.

"बघ!" निरीक्षक काट्यावरूनच गर्जले. "बेरीज-वजाबाकी!"

त्या दिवशी ते पोटभर जेवले. तिसऱ्या रविवारी ऐंशी किलो चारशे. चौथ्या रविवारी ऐंशी किलो चारशे. आता प्रत्येक रविवारी वजन झाले की ते स्वतः मेहुण्यांना फोन लावत.

"स्थिर!" ते सांगत.

"अगदी तेवढंच?" मेहुणे पलीकडून विचारत. "थोडंसुद्धा इकडेतिकडे नाही?"

"थोडंसुद्धा नाही."

मेहुण्यांच्या स्वरात शंका होती. निरीक्षकांना ती असूया वाटली. वास्तविक, जो काटा कोणत्याही मालाला तोच आकडा दाखवतो तो पहिल्यांदा तपासावा, हे सूत्र ते खात्यात नव्याने आलेल्या प्रत्येकाला शिकवत आले होते. निसर्गात काहीही इतके काटेकोर नसते. तहानलेला माणूस आणि पाणी प्यालेला माणूस यांतही पाव किलोचा फरक पडतो. परंतु सूत्रे दुसऱ्याच्या काट्यासाठी असतात. शास्त्रीय दृष्टीची ही एक नोंद घेण्याजोगी मर्यादा आहे, की ती डोळ्यांत असते, आणि डोळे समोर पाहतात.

या काळात आणखी दोन-तीन गोष्टी घडत होत्या, ज्यांकडे त्यांचे लक्ष गेले पण ज्यांचा अर्थ त्यांनी चुकीच्या रकान्यात टाकला. एक म्हणजे विजार. प्लास्टर मावावे म्हणून बायकोने एक जुनी, इलॅस्टिकची विजार एका बाजूने उसवून दिली होती आणि ते चोवीस तास तीच घालत. इलॅस्टिक हा साक्षीदार फार मऊ असतो. तो कुणाविरुद्धच काही बोलत नाही. दुसरे म्हणजे बायकोचा खांदा. दर रविवारी दुपारी ती उजव्या खांद्याला मलम लावत बसायची.

"बादली चुकीची उचलतेस तू," निरीक्षक तिला सांगत. "कमरेतून वाकायचं नाही. गुडघ्यातून."

"बरं," ती म्हणायची.

आणि तिसरी गोष्ट सिस्टरना दिसली. डबा परत न्यायला आल्या असता त्यांनी बायकोचा दंड चाचपला आणि म्हणाल्या, "अगं, तू कधीपासून व्यायामशाळेत जायला लागलीस?"

"घरीच करते," बायको म्हणाली. "आठवड्यातून एकदा."

शेवटचा आठवडा जवळ आला तसे मेहुण्यांनी नवीन तक्रार काढली. घरचा काटा चालणार नाही. "न्यायाधीश तुम्ही, आरोपी तुम्ही, आणि काटाही तुमचाच? तिऱ्हाईत काटा पाहिजे." हे म्हणणे तत्त्वतः बिनतोड होते, म्हणून निरीक्षकांना ते मान्य करावे लागले. हॉस्पिटलचा खुर्चीचा काटा सर्वांत योग्य. पण चौकशी केली तर तो बंद. फेरतपासणीची मुदत संपली होती आणि त्या भागाचा निरीक्षक रजेवर होता. म्हणजे हेच.

दुसरा काटा असा हवा होता की ज्यावर माणूस दोन्ही कुबड्यांसह पूर्ण मावेल, म्हणजे कुबड्यांचा भार बाहेर गळणार नाही. गावात तसा एकच होता: भंगारवाल्याचा. तोही बंद. सील हेच ठोकून आले होते.

सील काढण्यासाठी भंगारवाल्याचा अर्ज गेले महिनाभर कार्यालयात पडून होता. फोन केल्यावर कळले की ज्या अधिकाऱ्याने सील ठोकले त्याच्या सहीशिवाय ते निघत नाही. निरीक्षक म्हणाले, कागद घरी पाठवा, सही करतो. उत्तर आले, रजेवरील अधिकाऱ्याची सही ग्राह्य नाही. हा नियम कुणी केला, म्हणून त्यांनी जरा आवाज चढवून विचारले. पलीकडच्या कारकुनाने अदबीने सांगितले की साहेब, तीन वर्षांपूर्वी तुम्हीच सुचवला होता. पत्रात 'गैरप्रकारांस आळा बसेल' असे शब्द आहेत, वाचून दाखवू का?

शेवटी हाडांच्या डॉक्टरांकडून एक दाखला आणावा लागला. 'रुग्ण एक तासापुरता, बसल्या जागी, सही करण्यास सक्षम आहे.' डॉक्टरांनी लिहिताना दोनदा वर पाहिले, पण काही विचारले नाही. निरीक्षक एक तास नोकरीवर रुजू झाले, सही केली आणि पुन्हा आजारी पडले.

ठरलेल्या दिवशी सकाळी वखारीत चांगली गर्दी जमली. मेहुणे इस्त्रीचे कपडे घालून आले होते. सिस्टर होत्या. बंदी उठल्याचे गृहीत धरून पैलवान आला होता. भंगारवाल्याने जुन्या गाद्या रचून बसायची सोय केली होती आणि तो सगळ्यांना चहा देत होता. निरीक्षकांचा सहायक, त्यांच्याच हाताखाली तयार झालेला एक गंभीर तरुण, प्रमाणित वजने घेऊन आला. त्याने सील तोडले, काट्याच्या चारी कोपऱ्यांवर आळीपाळीने वजने ठेवली, आणि भिंतीवरच्या मोठ्या लाल आकड्यांशी ताडून पाहिली. बरोबर. निरीक्षकांनी पुन्हा एकदा करायला लावले. पुन्हा बरोबर.

"काटा निर्दोष आहे, साहेब," सहायक म्हणाला.

"ऐकलंत ना, दादा?" निरीक्षक मेहुण्यांकडे वळले. "नंतर काट्याला दोष द्यायचा नाही."

"मी कशाला देऊ?" मेहुणे म्हणाले.

मग कुबड्या काट्यावर ठेवून आकडे शून्यावर आणले. "म्हणजे आता फक्त मी आणि माझं प्लास्टर," निरीक्षकांनी जमलेल्यांना समजावून सांगितले. पैलवानाने एका बाजूने आणि भंगारवाल्याने दुसऱ्या बाजूने त्यांना त्या ऐतिहासिक एक वीत उंचीवर चढवले, हातात कुबड्या दिल्या आणि दोघे बाजूला झाले.

निरीक्षक काट्याच्या मधोमध कुबड्यांवर नीट तोलून उभे होते. कोणाच्याही आधाराची गरज नव्हती. पण त्यांचा श्वास रोखलेला पाहून, आणि आज रविवार असल्यामुळे, बायको आपोआप एक पाऊल पुढे आली. त्यांच्या मागे, जमिनीवर, नेहमीच्या जागी उभी राहिली. तिचा उजवा हात त्यांच्या काखेखाली गेला. तिची नजर आकड्यांवर गेली.

भिंतीवरचे लाल आकडे भराभर चढले, क्षणभर ८७.२ वर थरथरले, आणि मग सावकाश खाली उतरू लागले. ८६. ८४.५. ८२. गाद्यांवर बसलेली मंडळी चहाचे कप हातात धरून ते उतरणे पाहत होती. ८१. ८०.७. आणि ८०.४ वर येऊन आकडे जे थांबले ते भिंतीवर रंगवल्यासारखे थांबले.

"स्थिर!" निरीक्षक गर्जले. "दादा, बघा! स्थिर!"

कोणी टाळी वाजवली नाही. मेहुणे आकड्यांकडे नाही, निरीक्षकांच्या काखेकडे पाहत होते. सहायक कसनुसा चेहरा करून पुढे आला. एकदा खाकरला.

"साहेब, तुम्हीच शिकवलंत आम्हाला. आकडा चढून थांबला तर माल. उतरून थांबला तर हात."

"मग?"

सहायकाने मान खाली घातली. "वहिनी, जरा हात काढता का?"

बायकोने आपल्या हाताकडे अशा नजरेने पाहिले, की जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता आणि चुकून इकडे आला होता. मग तिने तो काढला.

८७.२.

निरीक्षकांनी आकडा पाहिला. मान वळवून बायकोकडे पाहिले. त्यांच्या डोळ्यांसमोरून सगळे रविवार, ती मलमाची डबी, बादली उचलण्यावरची सगळी व्याख्याने एकामागून एक गेली. सव्वीस वर्षे त्यांनी पारड्याखालचे बोट पकडले होते. गुडघ्याने उचललेले पारडे पकडले होते. बुडाला चिकटवलेले लोहचुंबक पकडले होते. आणि हा अख्खा हात, त्यांच्याच काखेत, त्यांच्याच सूचनेवरून ठेवलेला होता.

"साहेब," भंगारवाला सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात म्हणाला, "काटा तर निर्दोष. आता सील कुणाला ठोकायचं, तेवढं सांगा."

पैलवानाला हसू आवरेना. सिस्टरनी त्याला कोपराने ढोसले आणि मग स्वतःच हसू लागल्या. सुटायला वाट एकच होती, आणि ती निरीक्षकांना स्पष्ट दिसत होती. आधार देणाऱ्या व्यक्तीने लेखी नसल्या तरी तोंडी सूचनांचा भंग केला; सबब मापन दूषित; सबब दोष व्यक्तीचा. हे म्हणायला अर्धे मिनिटही लागले नसते. बायकोही तेच ऐकायच्या तयारीने, पदर सारखा करत, उभी होती.

त्यांनी कुबड्या घट्ट धरल्या.

"दादा," ते म्हणाले, "मी चुकलो."

मेहुण्यांनी या क्षणाची वर्षभर वाट पाहिली होती. त्यासाठी त्यांनी कपड्यांना इस्त्री केली होती. पण आता तो समोर आल्यावर त्यांना त्याचे काय करावे ते कळेना. विजय अंगावर येणारा असावा. हा तर कुबड्या घेऊन, उसवलेल्या विजारीत, खाली मान घालून उभा होता.

"किती?" ते उगाच काहीतरी विचारायचे म्हणून म्हणाले.

"सहा किलो आठशे ग्रॅम," निरीक्षक म्हणाले. "प्लास्टर वगळून धरायची गरज नाही. ते दोन्हीकडे सारखंच आहे."

"माझे नऊ होते," मेहुणे म्हणाले, आणि पुढे होऊन त्यांनी त्यांना खाली उतरवले.

घरी परतताना दोघे रिक्षात बसले होते. बायको आपला खांदा चोळत होती.

"का केलंस?" निरीक्षकांनी शेवटी विचारले. स्वर तपासणीचा नव्हता. निदान पूर्ण नव्हता.

"पहिल्या रविवारी तुम्ही जेवला नाहीत. चहासुद्धा घेतला नाहीत. फोन आला तर डोळे मिटून पडलात. मला वाटलं, एकदाच. एवढुसं. मग पुढच्या रविवारी त्याहून थोडं जास्त लागलं, आणि त्याच्या पुढच्या..." ती थांबली. "काटा मारणारे सगळे असंच सांगत असतील ना?"

"अगदी याच शब्दांत," निरीक्षक म्हणाले.

"आणि खरं सांगू? 'मी चुकलो' हे ऐकायची इच्छा दादापेक्षा मला जास्त होती. त्या गाडीपासून. दर रविवारी मनात यायचं, हात काढून घ्यावा. एकदा ऐकायला तर मिळेल."

"मग काढला का नाहीस?"

"तुम्ही पडला असतात," ती म्हणाली.

निरीक्षकांनी या उत्तराचा पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने विचार केला. त्यात चूक सापडली नाही.

दुसऱ्या दिवशी प्लास्टर निघाले. आतून निघालेला पाय इतका बारीक होता, की उरलेल्या निरीक्षकांशी त्याचा काही संबंध आहे यावर विश्वास बसेना. डॉक्टरांनी त्या पायाकडे पाहिले, मग वर पोटाकडे पाहिले, आणि "वजनाचं तुमच्यावर सोडलं होतं, नाही का?" एवढेच म्हणाले. चालणे हळूहळू, भार हळूहळू, आणि खाणे मात्र ताबडतोब कमी करायचे ठरले. सिस्टरना सूप पाण्याचेच करायला सांगण्यात आले. बेकरीवाल्याचा दुसरा केक पैलवानाला देण्यात आला, आणि त्याने तो, खाल्लेले बसत नाही या सिद्धान्तावर विसंबून, एका बैठकीत संपवला.

पुढच्या रविवारी निरीक्षकांनी छोटा चौकोनी काटा पुन्हा दिवाणखान्यात मांडला. त्यावर ते चढले. एक पाय जाड, एक बारीक, दोन्ही जरासे थरथरत. बायको खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला, भिंतीला पाठ लावून उभी होती. दोन्ही हात पाठीमागे. चेहऱ्यावर सरकारी गांभीर्य.

तबकडीची सुई डुलत होती. निरीक्षकही डुलत होते.

"हात," ते म्हणाले.

"मागे आहेत, बघा. अगदी लांब आहेत."

"दिसतायत. म्हणूनच म्हणतोय."

बायकोने हात पुढे आणले. मग खोली ओलांडून आली, त्यांच्या मागे नेहमीच्या जागी उभी राहिली, आणि हात काखेपाशी नेऊन थांबली.

"आडवा की उभा?"

निरीक्षकांनी सुईकडे पाहिले. मोठा हिशेब करावा लागत असल्याप्रमाणे त्यांनी ओठांतल्या ओठांत काही आकडे पुटपुटले.

"आज उभा चालेल," ते म्हणाले. "दर रविवारी थोडा थोडा कमी करत जाऊ."